ड्रायव्हरकाका गद्दार कसे झाले

थिएटरमध्ये ड्रायव्हरकाकांना गोळी लागली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्याही झाल्या. माझ्या शेजारी आई बसली होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "हे कोण?"

मला वाटलं, अंधारात तिला नीट दिसलं नसेल. मी हळूच म्हणाले, "ड्रायव्हरकाका, आई."

"ते मला कळतंय. हे कोण, असं विचारतेय मी."

मागच्या रांगेतून कोणीतरी "शूऽऽ" केलं. पुण्यात माणूस मेला तरी चालतो, पण थिएटरात बोललेलं चालत नाही. पडद्यावर आमचीच गोष्ट चालली होती, असं सुरुवातीच्या पाटीवर लिहिलं होतं.

तो चित्रपट न पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. त्यामुळे काय घडलं ते सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तरी मी सांगते.

माझे वडील परदेशातल्या आपल्या एका वकिलातीत हिशेब खात्यात होते. देशाचं नाव सांगत नाही. चित्रपटवाल्यांनीही सांगितलं नाही. एवढ्या एका बाबतीत आमचं एकमत आहे. वडील हेर वगैरे काही नव्हते. त्यांना साधं खोटं बोलता यायचं नाही. दारात आलेल्या माणसाला "आता जेवूनच जा" म्हणतानासुद्धा त्यांच्या मनात काय आहे ते चेहऱ्यावर दिसायचं. आई घर सांभाळायची आणि वकिलातीतल्या दोन-चार मुलांना दुपारी मराठी शिकवायची. मी तेव्हा चौथीच्या वयाची होते.

त्या गावात औषधं धड मिळायची नाहीत आणि दाताचा डॉक्टर तर नव्हताच. म्हणून वकिलातीतली कुटुंबं अधूनमधून सरहद्द ओलांडून शेजारच्या देशातल्या गावात जायची. वकिलातीची एक राखाडी गाडी होती, तिच्यावर तिथलाच एक ड्रायव्हर होता. आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचो. उंच, बारीक, मिशीला पुढून तंबाखूचा पिवळा डाग. गाडी चालवताना सूर्यफुलाच्या बिया खायचे आणि टरफलं खिडकीतून न फेकता शर्टाच्या खिशात ठेवायचे. समोरच्या गाड्यांचे नंबर वाचायला लावून त्यांनी मला त्यांच्या भाषेतले आकडे शिकवले. त्यांना माझ्याच वयाची मुलगी होती, हे ते प्रत्येक वेळी नव्यानं सांगायचे. चौकीवरचे सगळे शिपाई त्यांच्या ओळखीचे. त्यांच्यासाठी काका संत्री घेऊन जायचे.

एका दुपारी आमच्या दारावर टकटक झाली. बाजारातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस उभा होता. आमचाच रेडिओ त्याच्या हातात होता; वडिलांनी आठवड्यापूर्वी दुरुस्तीला टाकलेला. आईनं हात पुढे केला तर त्यानं रेडिओ सोडला नाही. तो मराठीत म्हणाला, "वहिनी, मला आत घ्या."

तोवर तो आपल्याकडचा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. वेगळ्या नावानं, वेगळ्या धर्माचा होऊन, तो तिथं राहत होता आणि आपल्या लोकांना बातम्या पोचवत होता. त्याच्याबरोबरची माणसं पकडली गेली होती. वकिलातीच्या फाटकावर सतत पहारा असायचा, तिकडे जाणं म्हणजे स्वतःहून तुरुंगात जाणं. म्हणून तो आमच्याकडे आला, आमचा रेडिओ घेऊन.

वडील घरी आले आणि त्याला स्वयंपाकघरात बसलेला पाहून पाटावरच बसले. वरिष्ठांना निरोप गेला. वरिष्ठ विचार करू लागले. ते विचार करत असताना तो माणूस आमच्या कोठीच्या खोलीत पिठाच्या डब्यांमध्ये झोपायचा. शेवटी आई वडिलांना म्हणाली, "माझी दाढ दुखतेच आहे. मी हिला घेऊन डॉक्टरकडे जाते. हा माझा भाऊ. आजारी आहे, त्यालाही दाखवायचंय. कागद तेवढे करून द्यायला सांगा तुमच्या साहेबांना."

बस, एवढीच योजना. साहेबांनी कागद करून दिले आणि सांगितलं की पलीकडे गेलात की परत येऊ नका, तसेच भारतात जा. तुमच्या यजमानांची बदली मागाहून करू. आणखी एक सांगितलं. ड्रायव्हरला काही कळू द्यायचं नाही.

मला आईनं सांगितलं, "हा तुझा मामा. त्याला कावीळ झालीय. उगाच बडबड करून त्याला दमवायचं नाही." मी माझ्या खऱ्या मामाला फार लहानपणी पाहिलेलं. मला ते पटलं. पूर्णपणे पटलं.

सकाळी निघालो. शेवटचं गाव मागे पडल्यावर ड्रायव्हरकाकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि आईला खाली बोलावलं. त्यांचं काय बोलणं झालं ते आईनं मला पुढे अनेकदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्याच शब्दांत सांगितलं.

काका म्हणाले, "मॅडम, या माणसाकडे मी माझा रेडिओ दुरुस्त करून घेतलाय."

आईनं वळून गाडीकडे पाहिलं.

"मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"मला सांगू दिलं नाही."

"सांगितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो." त्यांनी इंजिनात उगाच काहीतरी हलवलं. "आता कसं म्हणू? पोरगी बसलीय गाडीत."

त्यांनी बॉनेट लावलं आणि गाडी सुरू केली.

चौकीवर त्या दिवशी नेहमीच्या शिपायांबरोबर एक नवा अधिकारी होता. त्यानं मागचं दार उघडलं, कागद पाहिले आणि मला त्यांच्या भाषेत विचारलं, "हा कोण?" मी म्हणाले, "मामा." मग तो मामाला खाली उतरायला सांगू लागला. तेव्हा ड्रायव्हरकाका शांतपणे म्हणाले, "उतरवा की साहेब. कावीळ आहे. वाटेत दोनदा ओकलाय. नंतर हात मात्र नीट धुवा." आणि त्यांनी पुसायला म्हणून एक कळकट फडकं पुढे केलं. अधिकाऱ्यानं फडक्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि बुटानं दार लोटून दिलं.

झालं. गोळी नाही, पाठलाग नाही, झेंडा नाही. गाडी पलीकडे गेली.

पलीकडे आई काकांना म्हणाली, "तुम्ही आता परत जाऊ नका. आमच्याबरोबर चला."

ते म्हणाले, "गाडी परत गेली नाही तर आज संध्याकाळी साहेबांना उचलतील. आणि माझी बायको आणि पोरगी तिकडेच आहेत."

साहेब म्हणजे माझे वडील. काकांनी माझ्या ओंजळीत मूठभर बिया घातल्या, गाडी वळवली आणि निघून गेले.

काही आठवड्यांनी वडील आले. त्यांनीच सांगितलं, ड्रायव्हरला वकिलातीच्या फाटकाबाहेरून पकडून नेलं. आई त्यानंतर अनेक वर्षं विचारत राहिली. दिल्लीला वडिलांच्या साहेबांना, त्यांच्या साहेबांना. उत्तर एकच यायचं, तो माणूस आपल्या आस्थापनेवर नव्हता, स्थानिक होता, रोजंदारीवर होता. म्हणजे तो आपला नव्हता. तिकडच्या लोकांनी मात्र तो आपला आहे असं धरूनच त्याला नेलं होतं.

वडील निवृत्त झाल्यावर आम्ही पुण्यात कसबा पेठेत एका नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वडील तिथंच गेले. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल झाले, लग्न केलं, ते टिकलं नाही, परत आईकडे आले. आमचं आयुष्य इतकं साधं होतं की शेजारच्यांना आईबद्दल सर्वांत मोठी माहिती म्हणजे तिचं लिंबाचं लोणचं. मग त्या रेडिओवाल्यानं म्हातारपणी कुठंतरी मुलाखत दिली, आणि त्या मुलाखतीवर चित्रपट काढायचं ठरलं.

लेखक मुंबईहून आला. तरुण, मराठीच. त्याची गाडी आमच्या गल्लीत शिरेना, म्हणून मोठ्या रस्त्यावर ठेवून चालत आला, आणि आमच्याकडे लिफ्ट नाही. चार मजले चढून तो घामाघूम होऊन सोफ्यावर बसला तेव्हा आईला त्याची दया आली. तिथंच सगळं चुकलं. तिनं त्याला पोहे दिले आणि सगळं सांगितलं. तो मोबाइलवर रेकॉर्ड करत होता. चौकीचं ऐकताना त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं बाही वर करून आम्हाला दाखवलाही. ड्रायव्हरकाका परत गेले हे ऐकून त्यानं डोळे पुसले. मी स्वतः पाहिलंय.

तो पुढेही बऱ्याचदा आला. एकदा आई त्याला म्हणाली, "हे बघ बाळा, माझं काय वाटेल ते कर. मला गाणं म्हणायला लाव. यांचंही काय करायचं ते कर, ते आता बघायला नाहीत. पण ड्रायव्हरचं जसं होतं तसंच दाखव. तेवढं वचन दे."

"आजी, प्रॉमिस. ते कॅरेक्टर तर आपल्या फिल्मचं हार्ट आहे."

"म्हणजे?"

"जीव हो आजी, जीव."

आणि मग त्यांनी त्याचा जीवच घेतला.

चित्रपटात दिल्लीहून एक दाढीवाला अधिकारी येतो. असा कोणी आलेला नव्हता. तोच सगळी योजना करतो. माझे वडील दाराआडून डोकावतात आणि हातातल्या फायली पाडतात. त्यांच्या वाट्याला हशा आहे. आई पंचविशीची आहे आणि अधिकाऱ्याला ओवाळते. मी मुलगा आहे. त्याच्याकडे बेचकी आहे. ड्रायव्हरच्या डोळ्यांत सुरमा घातलाय, म्हणजे तो पहिल्यांदा दिसतो तेव्हाच लोकांना कळावं. तो पैशांच्या थैलीसाठी सगळ्यांना विकतो, चौकीवर खूण करतो, आणि दाढीवाला त्याला गोळी घालतो. मरताना तो हात जोडतो. तेव्हाच टाळ्या पडल्या.

त्या खेळाला आम्हाला निर्मात्यांनी बोलावलं होतं. बाहेर आल्यावर आईच्या तोंडासमोर कॅमेरा आला. "आजी, कसं वाटलं?"

आई म्हणाली, "ड्रायव्हर तसा नव्हता."

कॅमेऱ्यामागची मुलगी म्हणाली, "आजी, एकदा परत घेऊया का? थोडं स्माइल करून?"

आई परत म्हणाली, "ड्रायव्हर तसा नव्हता." स्माइल केलं नाही. नंतर मोबाइलवर फिरलेल्या व्हिडिओत आई पदरानं डोळे पुसताना दिसते, मागे बासरी वाजते आणि खाली लिहिलेलं येतं, खऱ्या वीरांगनेच्या डोळ्यांत अभिमानाचे अश्रू. तिचा आवाज त्यात नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी लेखकाला फोन केला.

"मॅम, मी लिहिलं होतं तसंच," तो म्हणाला. "खरंच. पहिल्या ड्राफ्टमध्ये तो परतच जातो. पण मॅम, बॉर्डरवर काही घडतच नाही ना. एक माणूस कावीळ म्हणतो आणि गाडी जाते. लोक तिकीट कशाला काढतील?"

"म्हणून गद्दार केलंत?"

"स्टोरीत कोणीतरी गद्दार लागतोच. आपल्यातला दाखवला तर कोर्टकचेऱ्या, मोर्चे, सेन्सॉर. तुम्हाला माहितीये आजकाल कसं आहे."

"आणि तिकडचा दाखवला तर?"

तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "तो काही केस करायला येणार नाही ना, मॅम."

मी फोन ठेवला. त्याचा राग येण्याऐवजी त्या वाक्याचाच राग येत राहिला, कारण ते खरं होतं. सुरुवातीच्या पाटीवर बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं की काही प्रसंग नाट्यमयतेसाठी बदलले आहेत. ते वाचायच्या आत पाटी जाते.

आईनं मग रेडिओवाल्याला फोन लावला. ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो माणूस. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं.

"वहिनी, चित्रपट पाहिला ना? काय भव्य काढलाय!"

"तुम्ही त्यांना ड्रायव्हरचं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असेल की. वहिनी, मी मागे डोळे मिटून पडलो होतो. मला कुठलं काय दिसतंय?"

"फडकं पुढे केलं त्यांनी. तुमच्या अंगावरून."

"असेल. आता इतकी वर्षं झाली. कोण काय करत होतं, आपल्याला तरी काय माहीत? तो परत गेला, एवढं खरं. का गेला, कोणाकडे गेला..."

आईनं त्याचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. फोन बंद करून ती पिठात मीठ घालायला लागली. दोनदा घातलं. त्या रात्रीच्या पोळ्या आम्ही तशाच खारट खाल्ल्या.

पुढे सत्कार सुरू झाले. एका मंडळानं बुधवार पेठेतल्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. प्रमुख पाहुण्यांनी चित्रपटातले तीन संवाद म्हणून दाखवले आणि आपणही सरहद्दीवर असतो तर त्या ड्रायव्हरचं काय केलं असतं ते सांगितलं. मग आईला माइक दिला. ती उभी राहायला वेळ लागला. ती म्हणाली, "त्या ड्रायव्हरनं आम्हाला विकलं नाही. त्यानं आम्हाला सोडवलं. त्याबद्दल त्याला पकडून नेलं. आपण त्याच्यासाठी काही केलं नाही."

मग टाळ्या सुरू झाल्या. थांबेनात. मला वाटलं, चला, कोणाला तरी कळलं.

खाली उतरल्यावर एक वयस्क गृहस्थ पुढे आले, आईच्या पाया पडले आणि म्हणाले, "काय मन आहे हो आपलं! गद्दारालासुद्धा माफ केलंत."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "रिक्षा बघ," म्हणाली.

त्यानंतर मी एका वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात पत्र पाठवलं. भाषा सौम्य ठेवली, मुद्देसूद लिहिलं. त्यांनी छापलं. चित्रपटामुळे जुन्या आठवणी जाग्या झाल्या एवढं पहिलं वाक्य ठेवलं, ड्रायव्हरचा परिच्छेद जागेअभावी काढला आणि वर मथळा दिला, 'आईचा अभिमान वाटतो'. महाविद्यालयात सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं.

आणि मग एके दिवशी मला मोबाइलवर एका अनोळखी बाईचा इंग्रजीत निरोप आला. चित्रपटाच्या शेवटी आईचा खरा फोटो दाखवतात, खाली तिचं नाव असतं. त्या नावावरून शोधत ती माझ्यापर्यंत आली होती. तिनं लिहिलं होतं, "तुमच्या गाडीचा ड्रायव्हर माझा बाप होता. तुम्ही त्याच्याबद्दल असं का सांगितलंत?"

मी कितीतरी वेळ ते वाचत बसले. मग तिला फोन केला. माझ्याच वयाची बाई, तिथल्याच एका शाळेत शिकवते. सुरुवातीला ती फार थंड बोलत होती. मी सांगत गेले तशी हळूहळू नीट बोलू लागली. मग तिनं तिची बाजू सांगितली.

काका कित्येक वर्षं तुरुंगात होते. सुटून आले तेव्हा हातांची बोटं वळत नव्हती, त्यामुळे पुन्हा गाडी धरता आली नाही. घरासमोर खुर्ची टाकून बसायचे. लोक तिच्याशी, तिच्या आईशी बोलायचे नाहीत, कारण ते परक्या देशाला विकल्या गेलेल्या माणसाचं घर होतं. तिचं लग्न ठरता ठरता मोडलं. काका गेले तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात.

"ते आम्ही सोसलं," ती म्हणाली. "निदान आम्हाला आत कुठंतरी माहीत होतं की तुमच्याकडे कोणीतरी त्यांचं नाव चांगलं काढत असेल. आता गल्लीतली पोरं मोबाइलवर तुमचा चित्रपट बघतात. मला विचारतात, तुझ्या बापानं नक्की कोणाला विकलं? आम्हाला की त्यांना?"

मी म्हणाले, "ते कधी आमच्याबद्दल बोलले का?"

"एकदाच. म्हणाले, त्या पोरीनं मामा म्हटलं म्हणून सुटलो. फार हुशार पोर होती."

मी हुशार नव्हते. मला खरं वाटलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

तिची आई हयात होती. दोघी म्हाताऱ्यांना एकमेकींशी बोलायचं होतं, म्हणून आम्ही व्हिडिओ कॉल लावला. माझ्या आईला त्यांची भाषा अजून थोडी येत होती, बाजारापुरती, स्वयंपाकापुरती. पडद्यावर काळी ओढणी घेतलेली एक सुरकुतलेली बाई दिसली. आई तिच्या मोडक्या भाषेत म्हणाली, "तुझा नवरा चांगला माणूस. माझी मुलगी, माझा नवरा, त्यानं वाचवले."

ती म्हणाली, "मला माहीत आहे. तू त्यांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, जणू मला त्यांच्या भाषेतला नेमका शब्द माहीत असेल. कुठल्याच भाषेत नव्हता. मग ती बाई सावकाश म्हणाली, "तुम्ही मोठी माणसं. तुमचं कोणी ऐकलं नाही, तर आमचं कोण ऐकणार?" आणि तिनं ओढणी तोंडावर घेतली. मुलीनं फोन बंद केला.

आई चार दिवस नीट जेवली नाही. पण तेव्हा निदान तिला सगळं आठवत होतं.

गेल्या वर्षी ती बाथरूममध्ये पडली. हाड जुळलं, पण त्यानंतर डोक्यात गोंधळ सुरू झाला. आधी माणसांची नावं गेली, मग दिवस. वडील ऑफिसातून अजून आले नाहीत म्हणून संध्याकाळी खिडकीत उभी राहायची. मला नोकरी आहे, म्हणून दिवसा एक बाई ठेवली. यवतमाळकडची, नवऱ्याच्या कामासाठी इकडे आलेली. कामाला चोख आणि मनानं प्रेमळ. ती आईला टीव्ही लावून देते. आणि तो चित्रपट तर सारखाच लागतो. सव्वीस जानेवारीला लागतो, पंधरा ऑगस्टला लागतो, मधल्या रविवारीही लागतो.

अशाच एका दिवशी मी घरी होते. आतून तिचा आवाज आला, "आजी, चला, तुमचा पिच्चर लागला." मी चहा ठेवला होता. थोड्या वेळानं आईचा आवाज ऐकला. असा आवाज मी आयुष्यात तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"हरामखोर! माझं लेकरू होतं गाडीत. माझ्या लेकराला विकलं मेल्यानं!"

मी धावत आत गेले. पडद्यावर सुरमा घातलेला तो नट थैली मोजत होता. आई खुर्चीतून अर्धी उठली होती. बाई तिला धरून म्हणत होती, "बसा आजी, आता मरतेच तो. आता गोळी लागते बघा त्याले."

मी टीव्ही बंद केला. आईसमोर खाली बसले. तिचे हात हातात घेतले आणि सगळं सांगितलं. बॉनेट, कावीळ, फडकं. तिच्याच शब्दांत सांगितलं, जसं ती मला सांगायची. ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच म्हणाली, "हो का?" नवीन काहीतरी ऐकल्यासारखं. शेवटी म्हणाली, "तुला कोणी सांगितलं हे?"

"तू."

"छे. तू लहान होतीस. तुला काय कळतंय? मी पाहिलंय ना डोळ्यांनी."

बाईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की ती आजींच्या बाजूची आहे. मी तिला म्हणाले, हा चित्रपट लावत जाऊ नका. तिनं मान डोलावली. पण मी कामावर असते, आणि आईला तोच हवा असतो. तो बघताना ती जागी असते, बोलते, रागावते. एरवी दिवसभर भिंतीकडे बघत बसते. डॉक्टर म्हणाले, ज्यात मन रमतंय ते बघू द्या.

आणि माझं तरी काय? रात्री कधी मी चौकी आठवायचा प्रयत्न करते. दार उघडतं, अधिकारी आत वाकतो, ड्रायव्हरकाका मागे वळतात, आणि त्यांना त्या नटाचा चेहरा असतो. खऱ्या माणसाचा चेहरा मला आता आठवत नाही. फडकं आठवतं, पण त्याचा रंग मी सांगू शकत नाही. ते फडकं मी पाहिलं होतं की आईकडून नुसतं ऐकलं, तेही आता खात्रीनं सांगता येत नाही.

ड्रायव्हरकाकांची मुलगी अधूनमधून फोन करते. तिची आई गेल्या महिन्यात गेली. ते सांगायला तिनं रविवारी सकाळी फोन केला. मी बाहेरच्या खोलीत होते.

"तुझ्या आईला सांग," ती म्हणाली. "त्या दोघी बोलल्या होत्या त्याचं माझ्या आईला बरं वाटलं होतं. शेवटी शेवटी म्हणायची, तिकडे एक बाई आहे, तिला खरं माहीत आहे."

मी म्हणाले, "सांगते."

आत टीव्ही चालू होता. बाईनं दार लोटलं होतं, पण आईचा आवाज आता फार चढतो. एकामागून एक शिव्या येत होत्या. ड्रायव्हरकाकांच्या मुलीला मराठी येत नाही.

"ती तुझी आई ना?" तिनं विचारलं. "काय म्हणतेय?"

मी म्हणाले, "चहा मागतेय."

"मग जा, दे तिला," ती म्हणाली. "माझा नमस्कार सांग."